दुधावाचून एक महिना

सोलापूर जिल्ह्यात माढा तालुक्यातील उजनी गावापाशी भीमा नदी अडविण्यात आली. त्या धरणाचे काम १९८० साली पुरे झाले. धरणामागे जो जलाशय पसरला त्यास यशवंतसागर असे नाव आहे. त्याच्या काठी करमाळा तालुक्यातील कंदर, वांगी, चिखलठाण, कुगाव, केत्तूर अशी गावे आहेत. या गावांत दिवस उजाडतो तो दुधाच्या किटल्यांच्या आवाजाने. धार काढून झाली की घरातील तरुण मोटारसायकलीच्या दोन्ही अंगांस किटल्या अडकवून डेअरीची वाट धरतो. तेथे दुधाची फॅट मोजली जाते, वहीत आकडा पडतो, आणि दहा दिवसांनी ‘दुधाचा पगार’ हाती येतो. उसाचे पैसे कारखान्याकडून यावयाचे तेव्हा येतील. परंतु किराणा, मुलांची शाळा आणि दवाखाना हे सारे या दहा दिवसांच्या पगारावर चालते.

अशा गावात कोणी उठून म्हणाला, की महिनाभर दूध, दही, ताक, तूप, अंडे, मासा आणि मध यांपैकी काहीही तोंडात घालावयाचे नाही, तर ऐकणारे त्याच्याकडे चमत्कारिक नजरेने पाहतील यात शंका नाही. दूध हे येथील अन्न तर आहेच; पण त्याहूनही अधिक, ते येथील नाणे आहे. तथापि अलीकडे शहरांतून शिकून परत आलेली मुले-मुली हा प्रयोग बोलून दाखवू लागली आहेत. तेव्हा तो कितपत चमत्कारिक आहे आणि कितपत शहाणपणाचा, हे पाहण्यास हरकत नाही.

हीच भीमा पुढे पंढरपुरास चंद्रभागा होते. आषाढी एकादशीस तिच्या वाळवंटात वारकऱ्यांचा मेळा भरतो आणि त्याच दिवशी चातुर्मास लागतो. या चार महिन्यांत काही ना काही सोडण्याचा प्रघात महाराष्ट्रात फार जुना आहे. कोणी वांगे सोडतो, कोणी कांदा-लसूण सोडतो, कोणी एकभुक्त राहतो. धर्मशास्त्रकारांनी तर याचा क्रमच लावून ठेवला आहे: पहिल्या महिन्यात भाजी, दुसऱ्यात दही, तिसऱ्यात म्हणजे आश्विनात दूध, आणि चौथ्यात द्विदल धान्ये वर्ज्य. दुधाचे व्रत ज्या दिवसांत येते त्याच दिवसांत कोजागिरीचे आटीव दूध येते, तेव्हा व्रतस्थाची त्या रात्री चांगलीच परीक्षा होत असली पाहिजे. ते असो. या क्रमात ध्यानात घेण्याजोगी गोष्ट अशी, की सोडावयाची वस्तू एका वेळी एकच असते आणि तिला मुदत असते. डाळ सोडली त्या महिन्यात दूध आहे, दूध सोडले त्या महिन्यात डाळ आहे. ज्याने कोणी हा क्रम बसविला त्यास आजच्या आहारशास्त्राची परिभाषा ठाऊक असण्याचे कारण नव्हते. परंतु एक काढले तर दुसरे हाताशी असावे ही व्यवहाराची जाण त्यात उघड दिसते. शिवाय जी वस्तू सोडली ती व्रताच्या अखेरीस दान करावयाची, असाही दंडक आहे.

भाद्रपद शुद्ध पंचमीस स्त्रिया ऋषिपंचमी पाळतात. त्या दिवशी बैलाच्या श्रमाचे काही खावयाचे नाही. परसात कुदळीने अगर हाताने लावलेली अळू, सुरण, भेंडी, पडवळ, माठ, मक्याचे कणीस यांची एकत्र भाजी करून ती खातात. नांगरटीचे धान्य वर्ज्य. जनावराचे आपण काय काय घेतो, हा प्रश्न एका दिवसापुरता का होईना, या भूमीतील बायकांनी चुलीपुढे बसून विचारलेला आहे. सोलापूर-बार्शीकडील जैन कुटुंबांतून आयंबिलाची ओळी होते, ती याहून कडक. चैत्रात आणि आश्विनात नऊ-नऊ दिवस एकवेळचे जेवण, आणि त्यात दूध, दही, तूप, तेल, गूळ-साखर यांपैकी काहीही नाही. तेव्हा थोड्या मुदतीसाठी दूध-तूप सोडणे ही कल्पना परदेशातून आली असे कोणी म्हणेल, तर त्याने आपल्याच आजीस विचारावे.

परदेशातून आला तो शब्द. केवळ मांसच नव्हे, तर दूध, अंडी, मध असे प्राण्यापासून मिळणारे सर्वच अन्न वर्ज्य मानणाऱ्या मंडळींनी १९४४ च्या नोव्हेंबरात इंग्लंडात आपली स्वतंत्र संस्था काढली. डोनाल्ड वॉटसन हे तिच्या संस्थापकांपैकी एक होत. ‘व्हीगन’ हे नाव त्यांनी तेव्हाच योजिले. मराठीत त्यास निव्वळ वनस्पत्याहार म्हणता येईल. पुढे २०१४ साली त्याच देशात, लोकांनी निदान जानेवारीचा एक महिना तरी असा आहार करून पाहावा, अशी ‘व्हेगन्युअरी’ नावाची चळवळ सुरू झाली. जन्माची प्रतिज्ञा मागण्याऐवजी एका महिन्याची मागितली म्हणजे माणूस सहज तयार होतो, हे त्या चळवळीचे मर्म. चातुर्मासास ते पूर्वीच सापडले होते.

जन्माची प्रतिज्ञा घेतली असता काय होते, याचे आपल्याकडील सर्वश्रुत उदाहरण महात्मा गांधींचे. १९१२ साली दक्षिण आफ्रिकेत टॉलस्टॉय फार्मवर असताना त्यांनी आपले मित्र कॅलनबाख यांच्यासह दूध सोडले. दुभत्या जनावरांकडून अधिक दूध काढण्यासाठी गवळी जे निर्दय उपाय करीत त्यांची हकीकत वाचून त्यांचे मन दुधावरून उडाले होते. फळे, भुईमुगाचे दाणे यांवर ते राहिले. पुढे १९१८ साली खेडा जिल्ह्यात ते आमांशाने अंथरुणास खिळले आणि त्यांची शक्ती काही केल्या भरून येईना. १९१९ च्या आरंभी मुंबईस डॉक्टर दलालांनी स्पष्ट सांगितले, की दुधावाचून हे शरीर उभे राहणार नाही. प्रतिज्ञा घेताना तुमच्या मनात गाय आणि म्हैस होती, शेळी नव्हती, असा तोडगा कस्तुरबांनी काढला आणि गांधींनी शेळीचे दूध घेतले. शब्द पाळला पण अर्थ मोडला, ही टोचणी त्यांच्या मनात राहिली आणि तसे त्यांनी आत्मकथेत लिहून ठेवले. या कथेतून दूध अपरिहार्य आहे असे अनुमान काढणे घाईचे होईल. त्यांचे दुखणे आमांशाचे होते. परंतु कोणत्या अन्नातून शरीरास काय मिळते याचे ज्ञान त्या काळी किती अपुरे होते, हे मात्र त्यातून दिसते. दूध सोडणाऱ्यास ज्याची सर्वांत मोठी उणीव भासते ते ब-१२ नावाचे जीवनसत्त्व शास्त्रज्ञांनी वेगळे करून दाखविले ते १९४८ साली, म्हणजे गांधींच्या मृत्यूच्या वर्षी.

आता उजनीकाठच्या स्वयंपाकघरात शिरावे. तेथे प्राण्यापासून आलेले असे काय काय आहे? दूध, दही, ताक, तूप हे उघडच. परड्यात कोंबड्या असल्या तर अंडी. जलाशयात रोहू, कटला, वाम, मरळ ही मासळी मिळते, आणि चिलापी तर इतकी माजली आहे की इतर मासे तिच्यापुढे मागे पडले. ती पलीकडच्या भिगवणच्या बाजारात लिलावाने विकली जाते. गळ्यात तुळशीची माळ असलेला माळकरी मासळीस शिवत नाही. पण काठावरील पुष्कळ घरांत आठवड्यातून एकदोनदा कालवण होतेच. पुरणपोळीवर तूप, पिठल्यात ताक, दुकानच्या बिस्किटात दुधाची भुकटी, हे सारे महिन्यापुरते बाजूस ठेवावे लागते. साखरेविषयी मात्र निष्कारण शंका काढण्यात येते. काही परदेशी कारखाने हाडांच्या कोळशाने साखर शुभ्र करीत, हे खरे. महाराष्ट्रातील कारखान्यांत उसाचा रस चुना आणि गंधकाचा धूर यांनी निवळला जातो. गुळाचा तर प्रश्नच नाही.

खरी अडचण यापैकी कशाचीच नाही; ती आहे चहाची. उजनीकाठी दिवसातून चार वेळा चहा होतो. पाहुणा आला की होतो, पाहुणा जाताना होतो, आणि शेतावर बाराचे ऊन चढले म्हणजे त्यावर उतारा म्हणूनही होतो. कोरा चहा पाहुण्यापुढे ठेवणे म्हणजे घराची अब्रू उघड्यावर टाकणे, अशी समजूत आहे. ज्यांनी हा प्रयोग करून पाहिला त्यांपैकी पुष्कळांचा पाय घसरतो तो जेवणाच्या पाटावर नव्हे, तर दुसऱ्याच्या ओसरीवर. गूळ, आले, गवती चहा घातलेला कोरा काढा आठ दिवसांत जिभेस रुळतो. परंतु यजमानाची समजूत घालण्यास आठ दिवस पुरतातच असे नाही.

ताटाचा विचार करताना धरणाआधीचे ताट आठवले पाहिजे. भीमाकाठची काळी जमीन ही मुख्यतः रब्बी ज्वारीची. हस्ताच्या पावसाची ओल धरून ती ज्वारी थंडीवर पोसते. तिच्या ओळींमधून करडई, बांधाला जवस, शेजारच्या वावरात हरभरा. हलक्या मुरमाड रानात खरिपाची बाजरी, तूर, मटकी, हुलगा, तीळ, कारळे. घरी जे पिकले तेच शिजले. भाकरी, हुलग्याची शेंगोळी किंवा माडगे, मटकीची उसळ, तुरीची आमटी, कारळ्याची अगर जवसाची चटणी, अंबाडी, तांदुळजा, घोळ, शेवग्याचा पाला. भोगीच्या दिवशी तीळ लावलेली बाजरीची भाकरी. ताक होते, पण ते सठीसहामाशी विणाऱ्या देशी गाईचे. गाय आटली की घर महिनोन् महिने ताकावाचून राहत असे. अशा दिवसांत भीमाकाठचा कुणबी निव्वळ वनस्पत्याहारच करीत असे. फक्त त्यास ते नाव नव्हते आणि ती त्याची निवडही नव्हती.

धरण झाले आणि काठावरील चांगली ज्वारीची जमीन पुष्कळशी पाण्याखाली गेली. उन्हाळ्यात पाणी ओसरले म्हणजे इंदापूर तालुक्यात पळसदेवच्या जुन्या देवळाचे शिखर वर येते आणि पाण्याखाली काय काय आहे याची आठवण देऊन जाते. जी जमीन उरली तीवर पाणी आले, पाण्यामागून ऊस आला, पुढे केळी आली. कंदरची केळी आता आखाती देशांत जातात. उसाच्या वाढ्यांवर संकरित गाई पोसल्या जाऊ लागल्या आणि किटल्या भरल्या. या संपत्तीविषयी कुरकुर करण्याचे कारण नाही. ज्यांची घरे बुडाली त्यांना ती मिळावयास हवीच होती. परंतु हुलगा, मटकी, तीळ, कारळे, जवस ही पिके त्या रानांतून गेली. दूध नसता ज्यांच्यावर घर निभावत असे ती धान्ये गेली आणि दूध आले. म्हणून आज जो महिनाभर दूध सोडील त्यास ही धान्ये करमाळ्याच्या किंवा टेंभुर्णीच्या बाजारातून विकत आणावी लागतील. ती न आणता केवळ दूध तेवढे बंद केले, तर ताटात भाकरी, बटाटा आणि चहा एवढेच उरते. तो प्रयोग नव्हे, उपासमार आहे.

धान्ये आणली तर हिशेब कसा बसतो? हैदराबाद येथील राष्ट्रीय पोषण संस्थेने भारतीय अन्नपदार्थांचे पृथक्करण करून २०१७ साली कोष्टके प्रसिद्ध केली. त्यांच्या आधारे पाहता १०० ग्रॅम ज्वारीत सुमारे १० ग्रॅम प्रथिने असतात. शेतात राबणारा मनुष्य दिवसास चार भाकरी खातो. त्यांस ३०० ग्रॅम पीठ धरले तर ३० ग्रॅम प्रथिने तेथेच मिळाली. ५० ग्रॅम हुलगा किंवा मटकी म्हणजे आणखी १० ग्रॅम, ४० ग्रॅम तूरडाळ म्हणजे ८ ग्रॅमच्या वर, आणि मूठभर म्हणजे ३० ग्रॅम शेंगदाणे म्हणजे ७ ग्रॅम. बेरीज ५५ च्या आसपास जाते. ६० किलो वजनाच्या मनुष्यास दिवसास सुमारे ५० ग्रॅम प्रथिने पुरेत. दुधावाचून अंगात ताकद राहणार नाही ही जी भीती असते, तिला या हिशेबात आधार सापडत नाही. मात्र येथे एक मेख आहे. ज्वारीच्या प्रथिनांत लायसिन नावाचा घटक कमी असतो. तो डाळी-कडधान्यांत भरपूर असतो. उलट कडधान्यांत जो मेथिओनिन कमी, तो धान्यात मिळतो. भाकरी आणि उसळ एकमेकींची उणीव भरून काढतात, म्हणून नुसत्या चटणी-भाकरीवर हा हिशेब बसत नाही. कडधान्य रोज हवे.

चुन्याचा, म्हणजे कॅल्शियमचा हिशेब याहून अवघड आहे आणि दूध सोडणाऱ्याने खरी चिंता करावयाची ती याची. अर्धा लिटर दुधातून सुमारे ६०० मिलिग्रॅम कॅल्शियम मिळते आणि प्रौढास दिवसास १००० मिलिग्रॅम मिळावे असा भारतीय वैद्यक संशोधन परिषदेचा दंडक आहे. ज्वारी या बाबतीत दरिद्री; चार भाकऱ्यांतून जेमतेम ८० मिळतात. परंतु ५० ग्रॅम हुलग्यातून १३० च्या वर, शेवग्याच्या १०० ग्रॅम पाल्यातून ३०० च्या वर, आणि २० ग्रॅम तिळांतून जवळजवळ २५०. वजनास वजन धरले तर तिळात गाईच्या दुधाच्या दसपट कॅल्शियम आहे. या बेरजेने पाऊणशेर काम होते. उरलेले थोडेबहुत कारळे, इतर पालेभाज्या आणि विहिरीचे जड पाणी यांतून येते. तीळ मात्र भाजून कुटले पाहिजेत, नाही तर ते जसेच्या तसे पोटातून निघून जातात.

सर्वच पालेभाज्या येथे सारख्या उपयोगी नाहीत. पालक आणि तांदुळजा यांत कॅल्शियम दिसते पुष्कळ, पण त्यांतील ऑक्झॅलिक आम्ल ते धरून ठेवते आणि शरीरास सोडीत नाही. ही गोष्ट उजनीकाठच्या शेतकऱ्यास समजावून सांगण्याची जरुरी पडू नये. उसाच्या वाढ्यांत हेच आम्ल असते. महिनोन् महिने नुसते वाढे खाणाऱ्या गाईच्या अंगातील चुना कमी होतो, ती दुधास उतरते, तिची गाभण राहण्याची तक्रार सुरू होते. म्हणून वाढ्यांवर चुन्याची निवळी शिंपडावी, असे पशुवैद्य सांगतात आणि जाणता गोपालक तसे करतो. जनावराच्या गव्हाणीत जे कळते ते स्वतःच्या ताटात कळावयास उशीर का लागावा? पालकाऐवजी शेवगा निवडावा, एवढेच त्यातून घ्यावयाचे.

लोहाविषयी फार बोलावयास नको. दुधात लोह जवळजवळ नसतेच, तेव्हा ते सोडल्याने लोह कमी होत नाही. बाजरी, मटकी, हुलगा यांत ते आहे. कडधान्यास मोड आणले आणि उसळीवर लिंबू पिळले तर ते अधिक अंगी लागते. जेवणावर लगेच चहा प्याला तर, तो कोरा असला तरी, कमी लागते. मीठ आयोडीनयुक्त वापरावे.

राहिले ब-१२. हे जीवनसत्त्व सूक्ष्म जंतू तयार करतात आणि ते माणसास पोहोचते प्राण्यांच्या मार्फत. ज्वारी, डाळ, भाजी, फळ यांपैकी कशातही ते नाही. रोजची गरज ग्रॅमच्या दहालाखाव्या अंशाने मोजली तर दोन-अडीच अंश, इतकी अल्प. परंतु ती चुकली तर रक्त पातळ होते, हातापायांस मुंग्या येतात, जीभ लाल होऊन सोलवटते, चालताना तोल जातो. यातही एक फसवणूक आहे. पालेभाज्यांत फोलेट नावाचे दुसरे जीवनसत्त्व भरपूर असते. ते रक्ताची उणीव झाकून टाकते आणि इकडे मज्जातंतूंची हानी चालूच राहते. म्हणून रक्त ठीक दिसते एवढ्यावरून निर्धास्त राहता येत नाही. ब-१२ चे प्रमाण वेगळे तपासावे लागते.

सुदैवाने यकृतात याचा साठा राहतो, आणि साठा भरलेला असेल तर तो महिनेच काय, वर्षेही पुरतो. निरोगी प्रौढास एका महिन्याच्या वनस्पत्याहाराने काही बिघडत नाही असे जे म्हणतात त्याचे कारण हेच. परंतु साठा भरलेला असेल तर! येथे उजनीकाठी एक उलटी गोष्ट दृष्टीस पडते. ज्याच्या घरी आठवड्यास दोन वेळा चिलापीचे कालवण होते आणि अधूनमधून अंडी असतात, त्याला सोडावयाचे पुष्कळ असते, तरी हा महिना त्यालाच निर्धोक जातो. कारण त्याच्या यकृतात शिल्लक असते. जो पिढ्यान् पिढ्यांचा माळकरी आहे, त्याला सोडावयाचे थोडेच असते, पण त्याची सारी मदार त्या थोड्यावर असते. रोज अर्धा लिटर दूध पिणाऱ्या माळकऱ्याची गरज जेमतेम भागते. ज्याच्या पोटात दिवसाकाठी चहापुरते दूध जाते, त्याची तेवढ्यानेही भागत नाही. अशा मनुष्याने आधी रक्त तपासून घ्यावे, आणि प्रयोगाच्या काळात वैद्याच्या सल्ल्याने ब-१२ ची गोळी घ्यावी. ही गोळी जंतूंपासून तयार होते, प्राण्यापासून नव्हे. तेव्हा व्रतभंगाची भीती नको.

‘चहापुरते दूध’ हे शब्द येथे सहज आलेले नाहीत. किटली भरताना घरच्यासाठी किती ठेवावयाचे हा निर्णय प्रत्येक घरात रोज होतो. दर बरा असला की ठेवायचे कमी होते आणि पडला तरीही, पगार भरून निघावा म्हणून, कमीच होते. जे ठेवले त्यातून म्हाताऱ्यास पेला, शाळेच्या मुलास पेला, पुरुषांच्या चहास; आणि जिने पहाटे उठून शेण काढले, वैरण घातली, धार काढली, ती शेवटी जेवावयास बसते तेव्हा पातेल्यात साय खरवडण्यापुरती उरलेली असते. पुण्याच्या केईएम रुग्णालयाच्या संशोधकांनी १९९३ साली पुण्याजवळच्या ६ खेड्यांतील गरोदर स्त्रियांच्या पोषणाचा अभ्यास सुरू केला. त्या स्त्रियांपैकी सुमारे दोनतृतीयांश स्त्रियांच्या रक्तात ब-१२ कमी आढळले. ज्यांच्या आहारात दूध, पालेभाज्या आणि फळे वारंवार होती त्यांची मुले जन्मतः अधिक भरलेली होती, असेही त्यात दिसून आले. ती खेडी उजनीकाठची नव्हेत. परंतु तेथील घर आणि येथील घर यांत फार अंतर असेल असे मानण्यास कारण नाही.

म्हणून घरातील कोणी तरुण मोठ्या उत्साहाने सांगू लागला, की आपण सर्वांनी मिळून हा महिना पाळू, तर ‘सर्वांनी’ या शब्दावर त्यास अडविले पाहिजे. गरोदर स्त्री, अंगावर पाजणारी आई, वाढीची मुले आणि वृद्ध यांनी हा प्रयोग आपल्या मनाने करू नये. मधुमेहावर मेटफॉर्मिनची गोळी घेणाऱ्यांनी विशेष सावध असावे, कारण त्या औषधाने ब-१२ आधीच घटते. मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांनी डाळी आणि पालेभाज्या एकाएकी वाढविणेही बरे नव्हे. सून म्हणून आलेली मुलगी सासूबाईंचा मान राखण्यासाठी व्रताला होकार देते. तिच्या होकारास होकार समजू नये.

ज्या निरोगी प्रौढाने हा महिना पाळला, त्याच्या अनुभवाचा क्रम बहुधा असा. पहिले आठ दिवस पोटात वारा धरतो, कारण कडधान्य अचानक वाढलेले असते. ते भिजवून, मोड आणून, हिंग-आले घालून शिजवावे आणि बेताबेताने वाढवावे. संध्याकाळी लवकर भूक लागते. दुधा-तुपातील स्निग्धांश गेला म्हणजे पोट पूर्वीइतका वेळ भरलेले वाटत नाही. यावर शेंगदाण्याचा कूट आणि तिळाची चटणी हा उपाय. दह्याची आठवण तिखट जेवणाबरोबर फार होते, आणि सोलापुरी शेंगदाण्याची चटणी दह्यावाचून खाण्यास थोडा धीर लागतो. तिसऱ्या आठवड्यापर्यंत जीभ निवळते. सोयाबीन भिजवून, वाटून, उकळून दूध काढता येते, पण त्यात कॅल्शियम गाईच्या दुधाइतके नसते, हे विसरू नये. उपवासाचे दिवस मात्र सोपे जातात. भगर आणि शेंगदाण्याची आमटी शेंगतेलात केली की झाले. एकादशीस दूध-तुपाचा जो मारा होतो तो हौसेचा भाग आहे, व्रताचा नव्हे.

वजन एखाद-दुसरा किलो उतरले तर त्यात नवल नाही आणि त्याचे फार कौतुकही नको; तुपाची पोळी, बिस्किटे, फरसाण यांपैकी काय गेल्याने ते उतरले हे महिन्याभरात सांगता येत नाही. रक्तातील चरबी, साखर यांविषयीही तेच. एका महिन्यात खात्रीने कळते ते इतकेच, की आपल्या जेवणात दूध अन्न म्हणून किती होते आणि सवय म्हणून किती.

घरी ठेवलेले अर्धा लिटर दूध या महिन्यात कोठे जाते, हेही पाहण्यासारखे आहे. बहुतेक घरांत ते मुकाट्याने किटलीत जाते आणि दहा दिवसांच्या पगारात पाच लिटरांची भर पडते. चातुर्मासाच्या व्रतात सोडलेली वस्तू दुसऱ्यास देण्याचा जो दंडक आहे, तो येथे लावला तर ते देण्यास गावात ब्राह्मण शोधीत हिंडावयास नको. पहाटे धार काढणारी घरातच असते, आणि तिच्या वाट्याचा पेला आजवर कोणी भरलेला नसतो.

महिना संपला म्हणजे एकदम वाटीभर बासुंदीवर तुटून पडू नये. पहिल्या दिवशी पातळ ताक घ्यावे, दुसऱ्या दिवशी दही, आणि मग दूध. ज्यांना दुधातील साखर मुळातच नीट पचत नाही त्यांस ती गोष्ट याच दिवसांत प्रथम लक्षात येते. दूध घेताच पोट फुगते, आणि जन्मभर ज्यास ते पित्त समजत आले ते दुधाचे होते असे कळते. अशांनी ताकावरच राहावे. ज्यांना महिना सुखाचा गेला आणि पुढेही तसेच राहावेसे वाटते, त्यांस अडविण्याचे कारण नाही. मात्र ब-१२ ची गोळी त्यांच्या बाबतीत यापुढे कायमची झाली, आणि वर्षातून एकदा रक्ताची तपासणीही. हुलगा, तीळ, कारळे यांची एखादी पट्टी उसाच्या कडेने पुन्हा पेरता आली तर बाजाराची खेप वाचेल. बी मिळण्यास आता थोडे हिंडावे लागते. परंतु पाणी न पोहोचणाऱ्या मुरमाड रानांत ती पिके अजून आहेत.